छोट्या थकबाकीसाठी दावा दाखल होतो का? नाशिकमध्ये पहिल्यांदाच नोटीस हाती आलेल्यांसाठी

सातपूर-अंबडच्या कारखान्यात नव्याने लागलेला कामगार, पंचवटीत भाड्याच्या गाळ्यात दुकान टाकलेला तरुण किंवा निफाडकडचा द्राक्ष बागायतदार, कोणाचीही थकबाकी पाच-पन्नास हजारांची असली की दोनच प्रतिक्रिया दिसतात. काही जण "एवढ्याशा रकमेसाठी कोण कोर्टात जाणार" म्हणून नोटीस फाडून टाकतात, तर काहींची पहिल्याच फोनने झोप उडते आणि ते दुसरीकडून कर्ज काढून पैसे भरतात. दोघांचाही अंदाज चुकतो, कारण दोघेही फक्त रकमेकडे पाहतात. पैसे कोणाचे आहेत, त्याच्या हातात आपल्या सहीचा कोणता कागद आहे आणि त्या कागदावर कोणती तारीख आहे, या तीन गोष्टींवरून दावा होईल की नाही याचा खरा अंदाज येतो. दहा हजारांच्या चेकवरून फौजदारी खटला उभा राहतो आणि तोंडी घेतलेले लाखभर रुपये अनेकदा न्यायालयाचे तोंडही पाहत नाहीत.

पहिली पायरी : धनको (ज्याचे पैसे आपण देणे लागतो तो) कोण, हे नेमके लिहून काढा

एका कागदावर प्रत्येक देण्यापुढे धनकोचे नाव, मूळ रक्कम, घेतल्याची तारीख, शेवटचा भरणा आणि आपण कशावर सह्या केल्या, एवढे लिहावे. बहुतेकांच्या बाबतीत धनको पाच प्रकारांत मोडतात आणि प्रत्येकाची वागण्याची रीत वेगळी असते.

किराणा दुकानदार, खानावळ किंवा घरमालक यांची थकबाकी वहीतली असते. वकिलाची फी, दाव्याच्या रकमेच्या प्रमाणात भरावे लागणारे न्यायशुल्क आणि तारखांना घालवावे लागणारे दिवस यांचा हिशेब केला, तर आठ-दहा हजारांसाठी दिवाणी दावा लावणे त्यांना परवडत नाही. ते तगादा लावतात, ओळखीच्या माणसाला मध्यस्थ म्हणून पाठवतात आणि शेवटी उधारी बंद करतात; घरमालक सहसा अनामत रकमेतून वळते करून घेतो.

मित्र किंवा नातेवाईक यांच्याकडून घेतलेले हातउसने पैसे चिठ्ठीवाचून असतील, तर दावा क्वचितच होतो, कारण व्यवहार सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर असतो. मात्र आता बहुतेक रक्कम यूपीआयने किंवा बँकेतून जाते आणि "पुढच्या महिन्यात देतो" असे आपणच मोबाइलवर लिहिलेले असते. असा पुरावा हाती असलेला दुखावलेला मित्र व्यापाऱ्यासारखा नफा-तोटा पाहत नाही, हे लक्षात ठेवावे.

नागरी सहकारी पतसंस्था, नोकरदारांच्या पतपेढ्या आणि सहकारी बँका यांच्याबाबत मात्र नवख्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असतो. नाशिकमध्ये पगारदारांच्या पतपेढ्या भरपूर आहेत, कर्ज सहज मिळते आणि व्यवहार ओळखीचा असल्यामुळे थकले तरी सांभाळून घेतील असे वाटते. प्रत्यक्षात अशा संस्थेला दिवाणी दावा लावण्याची बहुधा गरजच पडत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली संस्था निबंधकांकडे (सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे) अर्ज करते, सहायक किंवा उपनिबंधकांसमोर सुनावणी होते आणि वसुली दाखला मिळतो. लोक त्याला नुसते "१०१ चा दाखला" म्हणतात. ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते आणि कलम १५६ खालील वसुली अधिकारी मागणी नोटीस, जंगम मालाची जप्ती आणि स्थावराचा लिलाव इथपर्यंत जाऊ शकतो. पंचवीस हजारांच्या कर्जालाही हीच वाट लागू आहे. शिवाय कर्ज घेताना कलम ४९ प्रमाणे पगारातून कपातीची संमती दिलेली असेल, तर कंपनीच्या पगारपत्रकातूनच हप्ता वळता होतो.

या वाटेवर आपली बाजू मांडण्याची खरी वेळ म्हणजे निबंधकांसमोरची सुनावणी. भरलेले हप्ते जमा धरलेले नाहीत, व्याजाचा दर करारापेक्षा जास्त लावला आहे, जामीनदाराची सही आपली नाही, असे जे काही असेल ते पावत्यांसह तिथेच लेखी द्यावे. नंतर कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज (दाखला पुन्हा तपासण्याची विनंती) करता येतो, पण तो दाखल करून घेण्यापूर्वी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के रक्कम संस्थेकडे भरावी लागते. पहिल्या नोटिशीला न जाणारे बहुतेक लोक या अटीशी येऊन अडतात. जामीनदारांनीही स्वतःला सुरक्षित समजू नये. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि संस्था आधी कर्जदाराच्या मागे लागलीच पाहिजे असे बंधन नाही. कामाच्या ठिकाणी नवा माणूस दिसला की त्याला जामीनदार म्हणून सही मागण्याची पद्धत आहे, तिला नम्रपणे नकार देण्यात गैर काहीच नाही.

बँका, क्रेडिट कार्ड आणि वित्त कंपन्या यांचे गणित आणखी वेगळे असते. कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे २० लाखांपेक्षा कमी रकमेचे प्रकरण जात नाही, म्हणून छोट्या रकमेसाठी त्यांना दिवाणी न्यायालय, लवाद (न्यायालयाबाहेर वादाचा निवाडा करणारी व्यक्ती) किंवा लोकअदालत हेच मार्ग उरतात. एकेका ग्राहकावर दावा लावणे त्यांना महाग पडते, पण एकाच मसुद्यावर शेकडो प्रकरणे एकदम चालवणे पडत नाही. "माझी रक्कम छोटी आहे" हा आधार त्यामुळे कच्चा ठरतो. ९० दिवसांहून अधिक थकीत झालेले कर्ज अनुत्पादित धरले जाते आणि त्यानंतर पत्रव्यवहाराचा सूर बदलतो. त्याच बँकेत आपले बचत खाते असेल, तर करारातील अटीनुसार त्यातली शिल्लक कर्जाकडे वळती होऊ शकते. पगाराचे खाते आणि थकलेले कार्ड एकाच बँकेत असणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

पाचवा प्रकार खासगी सावकाराचा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे वैध परवाना नसलेल्या सावकाराच्या बाजूने न्यायालय हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा वसुली आदेश) देत नाही, विनापरवाना सावकारी हा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र गुन्हा आहे आणि परवानाधारकालाही मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. त्यामुळे बेकायदेशीर सावकार दाव्याच्या वाटेला जात नाही. तो कोऱ्या मुद्रांकावर आणि कोऱ्या चेकवर सह्या घेऊन ठेवतो किंवा दांडगाई करतो. अशा वेळी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करावी, कारण या कायद्याखालची चौकशी तेच करतात. अडीअडचणीला एकदा पैसे देणारा शेजारी मात्र सावकार ठरत नाही, हेही समजून घ्यावे.

दुसरी पायरी : दिलेले चेक आणि हप्त्याचे आदेश आठवा

कर्ज घेताना "सिक्युरिटी म्हणून" दिलेले दोन-तीन चेक पुष्कळांच्या लक्षातही राहत नाहीत आणि खटला त्यांच्यावरूनच होतो. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली, कायद्याने वसूल होऊ शकणाऱ्या देण्यापोटी दिलेला चेक शिल्लक नसल्यामुळे परत गेला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रकमेला खालची मर्यादा नाही. कोऱ्या चेकवर फक्त सही केली होती, बाकीचे त्याने भरले, हा बचाव सहसा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. काही रक्कम आधीच फेडलेली असताना पूर्ण रकमेचा चेक बँकेत टाकला गेला असेल, तर मात्र ती बाजू भक्कम आहे, म्हणून भरण्याच्या पावत्या जपाव्यात.

चेकच्या प्रकरणात धनकोला स्वस्थ बसता येत नाही, कारण कायद्याचे वेळापत्रक कडक आहे. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने लेखी नोटीस दिली पाहिजे, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण रक्कम भरली तर गुन्हा पूर्ण होत नाही, आणि ते १५ दिवस संपल्यावर एक महिन्यात त्याने तक्रार दाखल केली पाहिजे. म्हणजे आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचे ते १५ दिवस होत. या मुदतीत पूर्ण रक्कम उभी करता येत नसेल, तर निदान लेखी उत्तर द्यावे आणि हप्त्यांचा प्रस्ताव ठेवावा. नोटीस घ्यायला नकार देऊन काही साधत नाही. योग्य पत्त्यावर पाठवलेली आणि नाकारलेली नोटीस मिळाली असेच धरले जाते.

बँक खात्यातून आपोआप हप्ता कापण्याचा आदेश शिल्लक नसल्याने परत गेला, तर भरणा व तडजोड प्रणाली अधिनियम, २००७ च्या कलम २५ खाली जवळपास अशीच कारवाई होऊ शकते. चेक दिलाच नव्हता म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना हे कलम ठाऊक नसते. चेकच्या तक्रारीबाबत आणखी एक अडचण अशी, की २०१५ च्या दुरुस्तीनंतर धनकोचे खाते ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात ती दाखल होते. त्यामुळे नाशिकच्या माणसाला मुंबई-पुण्याच्या तारखा कराव्या लागू शकतात.

तिसरी पायरी : मुदत मोजा

दिवाणी वसुलीच्या दाव्याला मुदत अधिनियम, १९६३ प्रमाणे साधारणतः तीन वर्षांची मुदत आहे. उसन्या पैशांसाठी ती पैसे दिल्याच्या दिवसापासून, दुकानदाराने उधारीवर दिलेल्या मालासाठी वेगळी मुदत ठरली नसेल तर माल दिल्याच्या दिवसापासून, आणि हप्त्यांच्या कर्जात सर्वसाधारणपणे तो तो हप्ता थकल्यापासून मोजतात. तीन वर्षे उलटल्यावर लावलेला दावा, आपण तो मुद्दा काढला नाही तरी, न्यायालयाने फेटाळायचा असतो.

पण ही मुदत आपल्याच हाताने पुन्हा सुरू होते. मुदत संपण्यापूर्वी देणे मान्य असल्याचे सहीनिशी लिहून दिले, तर कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मोजली जातात. थोडी रक्कम भरून तशी सहीची नोंद केली, तर कलम १९ प्रमाणे तेच होते. मुदत संपून गेल्यावरही "मी हे पैसे फेडीन" असे सहीने लिहून दिले, तर करार अधिनियमाच्या कलम २५ खाली ते नवे बंधनकारक वचन ठरते. जुन्या देण्यासाठी घरी आलेला वसुली प्रतिनिधी "फक्त पाचशे भरा आणि इथे सही करा" असे म्हणतो, तेव्हा तो पाचशे रुपयांसाठी आलेला नसतो. तारखा पडताळल्याशिवाय सही करू नये. अर्थात मुदत संपली म्हणजे देणे नाहीसे झाले असे होत नाही. तारण, पत अहवालातील (आपल्या कर्जफेडीचा इतिहास दाखवणाऱ्या अहवालातील) नोंद आणि माणसामाणसांतले नाते जिथल्या तिथे राहते.

चौथी पायरी : हातात आलेला कागद ओळखा

वकिलाची नोटीस म्हणजे न्यायालयाचा आदेश नव्हे. तिच्यामुळे कोणतीही जप्ती होत नाही, परंतु तिला स्पीड पोस्टने थोडक्यात उत्तर देणे आणि पोचपावती जपणे शहाणपणाचे असते, कारण गप्प राहिल्याचा अर्थ पुढे आपल्याविरुद्ध लावला जाऊ शकतो. उत्तरात रक्कम वादग्रस्त असेल तर तसे लिहावे आणि खात्याचा उतारा मागावा. देणे मान्य करण्याची घाई करू नये.

लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस बँकांच्या छोट्या थकबाकीसाठी सर्रास येते आणि तिच्यावर विधी सेवा प्राधिकरणाचे नाव असल्याने लोक हादरतात. तिचा अर्थ एवढाच, की दावा अजून लागलेला नाही आणि समोरचा तडजोडीला तयार आहे. तडजोड मान्य नसेल तर तिथे आपल्याविरुद्ध कोणताही निर्णय होत नाही. मात्र सही केलेल्या तडजोडीचा निवाडा हुकूमनाम्यासारखा अमलात येतो आणि त्यावर अपील नसते, म्हणून झेपेल तेवढ्याच हप्त्याला होकार द्यावा.

लवादाची नोटीस दूरच्या शहरातून किंवा ई-मेलवर येते आणि बनावट समजून सर्वाधिक दुर्लक्षित होते. कर्जाच्या छापील करारात लवादाचे कलम असते आणि लवादाचा निवाडा दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणेच अमलात आणता येतो. कर्ज देणाऱ्या संस्थेने परस्पर, एकतर्फी नेमलेल्या लवादाला सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांचा आधार घेऊन लेखी हरकत घेता येते. निवाडा झालाच, तर तो रद्द करून घेण्यासाठी प्रत मिळाल्यापासून तीन महिन्यांची मुदत असते.

समन्स न्यायालयाच्या बेलिफामार्फत किंवा टपालाने येते आणि त्यावर दावा क्रमांक, न्यायालयाचे नाव, तारीख व शिक्का असतो. शंका असेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर आपल्या नावाने किंवा प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अक्षर-अंकी सीएनआर क्रमांकाने शोध घ्यावा. व्हॉट्सॲपवर आलेले "अटक वॉरंट" आणि पोलिसांच्या गणवेशातला व्हिडिओ कॉल हे सरळ फसवणुकीचे प्रकार आहेत. केवळ कर्ज थकले म्हणून पोलीस अटक करत नाहीत आणि पोलीस ठाणे हे वसुलीचे कार्यालय नव्हे.

वसुली प्रतिनिधींना रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकावता येत नाही आणि नातेवाइकांत किंवा कामाच्या ठिकाणी बदनामी करता येत नाही. असे घडल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १४४४८ आहे. माझ्या मते खरी हानी दुसरीकडे होते. माणूस सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याला आधी पैसे देतो, आणि शांतपणे आलेली निबंधकांची किंवा चेकची नोटीस टेबलावर पडून राहते. पैसे मोजके असतील तर क्रम उलटा हवा.

पाचवी पायरी : समन्स आल्यावर पहिल्या तारखेला हजर राहा

नाशिक शहरातील प्रकरणे बहुधा सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात किंवा नाशिकरोडच्या न्यायालयात चालतात. सिन्नर, निफाड, येवला, मालेगाव अशा तालुक्यांत स्वतंत्र न्यायालये आहेत. साध्या दाव्यात लेखी कैफियत (दाव्याला आपले लेखी उत्तर) ३० दिवसांत द्यायची असते आणि न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकते. लेखी करार, प्रॉमिसरी नोट (पैसे फेडण्याचे सहीचे वचनपत्र) किंवा चेकवर आधारलेला दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त पद्धतीने लागला असेल, तर समन्स मिळाल्यापासून अवघ्या १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि पुढे बचावासाठी वेगळी परवानगी मागावी लागते. समन्सवर आदेश ३७ लिहिले आहे का, हे त्याच दिवशी पाहावे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो; १५१०० हा मदत क्रमांकही आहे. स्त्रियांना यासाठी उत्पन्नाची अट नाही, ही गोष्ट बचत गटाच्या किंवा लघुवित्त कंपनीच्या कर्जात अडकलेल्या भगिनींना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

गैरहजर राहिल्यास दावा एकतर्फी निकाली निघतो. तो हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी त्याच्या तारखेपासून, किंवा समन्स योग्य रीतीने बजावलेच गेले नसेल तर माहिती झाल्यापासून, ३० दिवसांत अर्ज करावा लागतो.

सहावी पायरी : हुकूमनामा झालाच, तर काय जाते आणि काय जात नाही

हुकूमनाम्याची अंमलबजावणी म्हणजे दरखास्त १२ वर्षांपर्यंत लावता येते, म्हणून विषय संपला असे समजू नये. मात्र संहितेच्या कलम ६० ने बऱ्याच गोष्टींना संरक्षण दिले आहे. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, भविष्य निर्वाह निधी आणि मजुराची मजुरी जप्त होत नाही. पगारदाराच्या पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. म्हणजे जप्तीयोग्य पगार १९,००० रुपये धरला, तर १,००० आणि १८,००० पैकी १२,००० सोडून महिन्याला जास्तीत जास्त ६,००० रुपये कापता येतात, आणि एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिन्यांपुढे चालत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी स्त्रीला अटक करता येत नाही. ऐपतच नसलेल्या माणसाला केवळ न फेडल्यामुळे दिवाणी कैदेत टाकता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात म्हटले आहे. ऐपत असून टाळाटाळ करणाऱ्याला हा आधार मिळत नाही.

सातवी पायरी : तडजोड करायची तर कागदावर

एकरकमी परतफेडीची बोलणी तोंडी झाली तरी रक्कम, शेवटची तारीख आणि "यानंतर काहीही बाकी राहणार नाही" हे वाक्य संस्थेच्या पत्रावर आल्याशिवाय पैसे भरू नयेत. रोख भरणा वसुली प्रतिनिधीच्या हाती देण्यापेक्षा थेट कर्जखात्यात करावा. सवलत घेऊन मिटवलेले कर्ज पत अहवालात "सेटल्ड" असे दिसते आणि पुढे घरकर्ज घेताना ते आडवे येते, त्यामुळे थोडी जास्त जुळवाजुळव करून पूर्ण फेड शक्य असेल तर तीच बरी. प्रलंबित दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेले न्यायशुल्क धनकोला परत मिळते. व्याजात सूट मागताना ही गोष्ट बोलण्यात आणायला हरकत नाही.

शेवटचा हप्ता भरल्यावर त्याच आठवड्यात नो ड्यूज दाखला घ्यावा, दिलेले सगळे चेक आणि प्रॉमिसरी नोट परत मागावी, बँकेतला हप्ता कपातीचा आदेश रद्द करावा आणि चेकची तक्रार चालू असेल तर ती मागे घेतल्याची न्यायालयीन नोंद पाहावी. पतसंस्थेचे कर्ज असेल तर जामीनदारांच्या पगारकपातीचे पत्र रद्द झाले का, हे त्यांच्या कार्यालयात विचारावे, आणि सातबारावर किंवा सदनिकेवर बोजा चढवलेला असेल तर संस्थेचे पत्र घेऊन तो कमी करण्याचा अर्ज तलाठी कार्यालयात किंवा गृहनिर्माण संस्थेत स्वतः द्यावा. दोन-तीन महिन्यांनी पत अहवाल काढून खाते बंद दाखवले आहे का ते तपासावे. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.